आठव्या वर्षी थांबलेली भाषा

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. कॅनडाची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, हातात आली, जूनमध्ये निघायचं ठरलंय. लेक नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. नवऱ्यानं बरोबर यायचं, सहा महिन्यांत घर-शाळा लावून द्यायची आणि मग पुण्याच्या नोकरीवर परत जायचं, कारण तो पगार सोडवत नाही. आणि तुझ्या सासूबाईंचं पालुपद चालूच आहे की पोरं धड इथली राहणार नाहीत आणि धड तिथली होणार नाहीत. तू मला विचारलंस, कारण मी लग्न करून ज्या घरात आले ते घर तीस वर्षांपूर्वी हाँगकाँगहून असंच उठून टोरोंटोला आलं होतं. ‘ताई, त्या घरातल्या मुलांचं काय झालं ते खरं खरं सांग,’ असं लिहिलंयस. सांगते. माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना विचारूनच लिहितेय, त्यामुळे हातचं काही राखत नाही.

माझा नवरा १९९४ साली इथे आला तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याची बहीण तीन वर्षांची. म्हणजे जवळपास तुझ्याच मुलांची जोडी. हाँगकाँग १९९७ मध्ये ब्रिटिशांकडून चीनकडे जाणार हे १९८४ च्या करारात ठरलं होतं. त्यात १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात रणगाडे आले आणि हाँगकाँगमधल्या मध्यमवर्गीयांच्या पोटात गोळा आला. ज्यांना जमलं त्यांनी व्हँकुव्हर आणि टोरोंटोची वाट धरली. माझे सासरे तिथे एका कंपनीत हिशेबनीस होते. इथे आल्यावर जिथे जावं तिथे ‘कॅनडातला अनुभव आहे का?’ हाच प्रश्न. सात महिने एका गोदामात खोकी भरली आणि मग ते हाँगकाँगला जुन्या नोकरीवर परत गेले. बायको-मुलं टोरोंटोच्या पूर्वेला स्कार्बोरोमध्ये, आणि पैसे दर महिन्याला तिकडून.

अशा बापांसाठी कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या चिनी भाषेत, एक शब्दच तयार झाला होता, ‘थाय-हुंग-यान’. सरळ अर्थ अंतराळवीर, सतत विमानात असतो म्हणून. पण त्यात श्लेषही आहे. ‘थाय-थाय’ म्हणजे बायको आणि ‘हुंग’ म्हणजे रिकामं. बायकोवाचून रिकाम्या घरात राहणारा माणूस. हा शब्द त्या काळात इतका रुळलेला होता की वर्गातली मुलंसुद्धा एकमेकांना सहज सांगायची, ‘माझे बाबा अंतराळवीर आहेत.’

सासरे वर्षातून दोनदा, पंधरा-पंधरा दिवसांसाठी यायचे. दर खेपेला मुलासाठी बूट आणायचे. आणि दर खेपेला ते बूट एक नंबर लहान निघायचे. मागच्या वेळी पाहिलेला पाय त्यांच्या डोक्यात असायचा. मुलगा बोटं आखडून बूट घालायचा आणि ‘बरोबर बसले’ म्हणायचा. बाबा विमानात बसले की सासूबाई ते बूट डब्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्यायच्या. आम्ही त्यांचं घर आवरलं तेव्हा मी ते डबे उघडून बघितले. चार जोड, तळवे कोरे.

म्हणून तुझ्या योजनेतल्या ज्या भागाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, त्याबद्दल मी आधी बोलणार आहे. नवऱ्याला परत पाठवू नकोस. अगदीच इलाज नसेल तर तारीख ठरवून पाठव, आणि ती तारीख वर्षाच्या आतली असू दे. सासरेही ‘एक-दोन वर्षांत येतो’ म्हणूनच गेले होते. ते निवृत्त होऊन २००९ मध्ये आले. कायद्याचं म्हणशील तर पीआर टिकवायला दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, आणि नागरिकत्वासाठी अर्ज करायच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस. तुझा नवरा हे दिवस कदाचित जुळवेलही. पण चार वर्षांचा मुलगा ज्या भाषेत पहिला खोटारडेपणा करतो, पहिला विनोद सांगतो, त्या भाषेत ऐकायला बाप घरात नसेल, तर तो दोन वर्षांनी फोनवर बापाशी काय बोलणार? ‘जेवलास का’, ‘अभ्यास झाला का’, ‘आईला त्रास देऊ नकोस’. संपला फोन. आमच्या घरी अगदी हेच झालं.

आणखी एक. बाप नसला की घरातली दुसरी मोठी व्यक्ती म्हणजे थोरलं मूल. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नऊ-दहा वर्षांचा मुलगा बँकेत, दवाखान्यात, घरमालकाशी बोलताना त्यांचा दुभाषा झाला. शाळेतल्या पालकभेटीलासुद्धा तोच. बाई म्हणाल्या, हा वर्गात कुणाशी बोलत नाही, एकटा बसतो, मला काळजी वाटते. त्यानं आईला सांगितलं, बाई म्हणतात मी शांत आणि शहाणा आहे. आईनं खूश होऊन मान हलवली. बाईंना वाटलं, आईला कळलं. त्या मुलाचं एकटेपण पुढची तीन वर्षं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तुला इंग्रजी येतं, त्यामुळे दुभाष्याचं ओझं तुझ्या लेकीवर पडणार नाही. पण नवरा पुण्यात असेल आणि बर्फात गाडी बंद पडली, तर तू ‘आता काय करू’ हे जिला विचारशील ती नऊ वर्षांची असेल. मुलं असा भार उचलतात आणि चांगला उचलतात, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. मुलं आपली राहतील का?

मी २०१६ मधली एक संध्याकाळ सांगते. सासरे इस्पितळात होते. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता उपचारांचा उपयोग नाही, यापुढे फक्त वेदना कमी करू. सासूबाई बाहेरच्या बाकावर मांडीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? माझा नवरा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याला कँटोनीजमध्ये दुखणं येतं, ताप येतो, औषध येतं, झोप येते. जे सांगायचं होतं त्यासाठी त्याच्याकडे शब्द नव्हता. तो म्हणाला, ‘बाबा खूप थकलेत.’ सासूबाई लगेच थर्मासचं झाकण उघडायला लागल्या. थकलेत तर सूप देऊ या. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच आलं, ‘फार थकलेत.’ शेवटी त्यानं हाँगकाँगला चुलतभावाला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती. त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं आणि फोन आईच्या कानाला लावून धरला. आपण नवऱ्याला गमावणार आहोत ही गोष्ट त्या माउलीनं समोर बसलेल्या लेकाकडून ऐकली नाही, साडेबारा हजार किलोमीटरवरच्या पुतण्याकडून ऐकली. आणि हा हातात फोन धरून आईचा चेहरा बघत राहिला.

त्या रात्री घरी आल्यावर तो मला म्हणाला, ‘माझं कँटोनीज आठ वर्षांचंच राहिलं.’

मी यावर खूप विचार केला आहे, कारण तोवर मला वाटायचं की या घरानं आपली भाषा किती छान टिकवली. घरात कँटोनीजच बोलायचे की! पण काय बोलायचे? जेवायला चल. हात धू. दिवा बंद कर. शेजाऱ्याच्या मुलाला नव्वद मिळाले, तुला का नाही? सासूबाई दिवसभर बेकरीत उभ्या असायच्या, घरी आल्यावर एवढंच बोलायचं त्राण उरायचं. बाकी सगळं, म्हणजे मैत्री, भांडण, प्रेम, राजकारण, नोकरी, भीती, हे मुलाच्या आयुष्यात इंग्रजीत घडलं. घरची भाषा हुकूम देण्याघेण्याची झाली आणि वाढायची थांबली. बोलणं कधीच बंद पडलं नाही, म्हणून कुणाला काही बिघडलंय असं वाटलं नाही.

त्यामुळे ‘घरात फक्त मराठीच’ असा नियम करायचं तू लिहिलंयस, त्यावर माझं म्हणणं असं की नियमानं भागणार नाही. भाषा मुलाबरोबर मोठी व्हायला हवी. मी माझ्या मुलांसमोर मराठीत बहिणीची गाऱ्हाणी सांगते, आईशी फोनवर वाद घालते, घराच्या कर्जाचा हप्ता परवडतो का याचा हिशेब मोठ्यानं करते. ऑफिसात माझं चुकलं तर जेवताना मराठीत सांगते की आज अशी फजिती झाली आणि मला रडू आलं. मोठी आता अकरा वर्षांची आहे. ती शाळेतलं काही सांगायला लागली की दोन वाक्यांत इंग्रजीवर जाते. मी तिला अडवत नाही, ‘मराठीत बोल’ म्हणत नाही, कारण त्या क्षणी ती जे सांगतेय ते महत्त्वाचं असतं. मी पुढचा प्रश्न मराठीत विचारते. कधी ती मराठीत परत येते, कधी येत नाही. पण ‘दुखावलं’, ‘खटकलं’, ‘मन लागत नाही’, ‘जीव तुटला’ हे शब्द तिच्या कानावर रोज पडतात आणि कशाला काय म्हणतात ते तिला कळतं.

धाकट्याची तयारी वेगळी ठेव. थोरली मराठी घेऊनच येणार आहे, ती पुसली जायला वेळ लागेल. चार वर्षांच्या मुलाचं मराठी सहा महिन्यांत मागे पडू शकतं. माझी नणंद तीन वर्षांची आली. आज तिला आईचं सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. आणि घरात इंग्रजी आणलं कुणी, तर भावंडांनीच. शाळेतून आल्यावर दोघं खेळताना, भांडताना इंग्रजी बोलायला लागली आणि मग आईला उत्तरही तसंच जायला लागलं. म्हणून सुरुवातीपासून भावंडांचे एकत्र खेळ मराठीत लावून दे. पत्ते, सापशिडी, रात्रीची गोष्ट थोरलीनं धाकट्याला वाचून दाखवणं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, पहिली-दुसरीची तेवढी छापून आण.

शनिवारच्या शाळेचं विचारलंयस. इथे ओंटारियो प्रांतात १९७७ पासून सरकारी शाळांतून मुलांच्या घरच्या भाषांचे वर्ग चालतात, आणि आपल्या मंडळींचीही आठवड्यातून एकदा भरणारी मराठी शाळा आहे. जरूर घाल. पण तिथे तिला भाषेइतकेच आपल्यासारखे सवंगडी मिळावेत म्हणून घाल. माझ्या नवऱ्याच्या चिनी शाळेत दर शनिवारी सकाळी पाठ केलेला उतारा न बघता अक्षर न् अक्षर लिहून दाखवावा लागायचा. एक रेघ चुकली की गुण गेला. बाकी मुलं हॉकीला गेलेली असायची. त्याला शेकडो अक्षरं यायची आणि त्यातल्या एकाशीही लळा जडला नाही. नणंदेच्या वेळी तर सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की पुढचा जमाना मँडरिनचा, म्हणजे चीनच्या राजभाषेचा आहे, म्हणून तिला मँडरिनच्या वर्गात घातलं. घरात कँटोनीज, शाळेत इंग्रजी, शनिवारी मँडरिन. लिहिलेलं बरंचसं सारखं, पण बोलताना दोन्ही इतक्या वेगळ्या की एकीच्या बळावर दुसरी समजत नाही. आजीशी फोनवर बोलायला तिला यातलं काहीच पुरेसं आलं नाही. तुलाही इथे भेटतील सांगणारे की भारतीय मुलांनी हिंदी शिकावं, सगळीकडे चालतं. शिकू दे पुढे हवं तर. पण तुझी आई नातीशी हिंदीत बोलणार आहे का?

यानंतरची गोष्ट तुझ्या हातात नाही, नाशिक-पुण्याच्या आपल्या माणसांच्या हातात आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. कँटोनीजमध्ये परदेशात वाढलेल्या मुलांना ‘जूक-सिंग’ म्हणतात. म्हणजे बांबूचं पेर. दोन्हीकडून गाठी, वरून पाणी ओतलं तर खाली जात नाही, खालून वर येत नाही. तुझ्या सासूबाई म्हणतात त्याचंच हे चिनी रूप. माझा नवरा बारा वर्षांचा असताना हाँगकाँगला गेला. आजोळी वीस माणसांच्या गोल टेबलावर त्यानं काहीतरी मागितलं, सूर चुकला. कँटोनीजमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो. सगळे हसले. मामे-मावस भावंडांनी तो शब्द तसाच म्हणून दाखवला, मामानं ‘जूक-सिंग’ म्हटलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, कौतुकच होतं. पण त्या सहलीत तो पुढे बोललाच नाही, मानेनं हो-नाही करत राहिला. त्यानंतर कित्येक वर्षं त्यानं नातेवाइकांसमोर तोंड उघडलं नाही, आणि जी भाषा बोलली नाही ती सुधारणार कशी?

माझी मोठी सहा वर्षांची असताना नाशिकला आम्ही गेलो. ती म्हणाली, ‘आजी, मला भूक लागला.’ माझा भाऊ हसायच्या बेतात होता. मी आधीच सगळ्यांना फोन करून बजावलं होतं, म्हणून तो गप्प बसला. आई म्हणाली, ‘भूक लागली? मग काय करू, थालीपीठ करू?’ बस. ‘लागली’ तिच्या कानावर पडलं, थालीपीठ ताटात पडलं. तू निघण्याआधी हा फोन सगळ्यांना कर. काका, आत्या, शेजारी, सगळ्यांना. मुलांच्या मराठीला हसू नका, ‘बघा बघा कशी बोलते’ म्हणून पाहुण्यांसमोर बोलायला लावू नका.

घराबाहेरचं थोडक्यात लिहिते. बहुतेक दिवस इथे चांगले जातात, हे मी मनापासून सांगते. आम्ही राहतो त्या, टोरोंटोला लागून असलेल्या मार्कममध्ये निम्म्याच्या आसपास लोक चिनी वंशाचे आहेत, आणि आपले लोकही भरपूर. तुझ्या मुलांना वर्गात एकटं वाटण्याचं कारण नाही. पण हे आयतं मिळालेलं नाही, हे मुलांना माहीत असावं असं मला वाटतं. १८८१ ते १८८५ मध्ये कॅनडाची पश्चिमेकडची रेल्वे बांधायला हजारो चिनी मजूर आणले, कितीतरी मेले. रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी चिनी माणसाच्या डोक्यावर ५० डॉलरचा प्रवेशकर बसवला. १९०३ पर्यंत तो ५०० डॉलर झाला. बायको-मुलं आणणं दूरच. मग १९२३ मध्ये कायदा करून चिनी लोकांना यायलाच जवळजवळ बंदी केली, ती १९४७ पर्यंत. सरकारनं संसदेत माफी मागितली ती २००६ मध्ये. तुला-मला ज्या गुणांच्या पद्धतीनं पीआर मिळाली ती १९६७ ची. माझ्या सासरचे लोक त्या पद्धतीच्या काळात आले, म्हणजे मजुरांच्या नातवंडांशी त्यांचा काही संबंध नाही. तरी २००३ मध्ये टोरोंटोत चीनमधून पसरलेली सार्सची साथ आली, ४४ माणसं गेली, तेव्हा बसमध्ये माझ्या सतरा वर्षांच्या नवऱ्याच्या शेजारची सीट रिकामी राहायची. गर्दीतसुद्धा. कोण कुठून आणि कधी आला हे कुणी विचारलं नाही. त्यानं घरी सांगितलं नाही. सांगायला शब्दही नव्हते आणि बाबाही नव्हते. तुझ्या मुलांच्या वाट्याला असं काही आलं, तर ते त्यांनी तुला सांगावं एवढ्यासाठी तरी घरची भाषा मोठी कर.

आणि ‘चिनी’ म्हणजे एक नाही, जसं ‘इंडियन’ म्हणजे एक नाही. स्कार्बोरोमध्ये हक्का ही वेगळी चिनी भाषा बोलणाऱ्या लोकांची हॉटेलं आहेत, म्हणजे कोलकात्याच्या टांगरा या चिनी वस्तीतून आलेली घरं. १९६२ च्या युद्धात भारतातल्या हजारो चिनी लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं होतं, त्यानंतर पुष्कळ जण देश सोडून गेले, त्यातले कितीतरी टोरोंटोला. एकदा आम्ही अशा हॉटेलात गेलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या काकांनी मला बघून हिंदीत विचारलं, ‘चिली चिकन सूखा या ग्रेवी?’ माझ्या नवऱ्याशी कँटोनीज बोलायचा प्रयत्न केला, ते त्याला नीट समजलं नाही. आत स्वयंपाकघरात हाक मारली ती हक्कामध्ये, आणि फोनवर कुणावर तरी बंगालीत रागावले. मोठीनं घरी येताना गाडीत विचारलं, ‘ते आजोबा नक्की कोण होते?’ नवरा म्हणाला, ‘जे बोलत होते ते सगळं.’ ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्यासारखे.’

घरातली गंमतही सांगते, नाहीतर तुला वाटेल नुसतं अवघडच आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणाला आई नाशिकहून डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन आली. सासूबाईंनी आलं, व्हिनेगर आणि डुकराचे पाय घालून मोठं मडकं शिजवत ठेवलं, कारण त्यांच्याकडे बाळंतिणीला महिनाभर तेच देतात. आई शाकाहारी. मला वाटलं, आता काय होणार! दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण मी नळाखाली हात धरला आणि दोघी एकदम ओरडल्या. एक मराठीत, एक कँटोनीजमध्ये, गार पाणी नको! तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तांदळाची पातळ ‘जूक’ केली, आईनं चाखून बघितली आणि म्हणाली, ‘अगं, ही तर पेज!’ त्यावर साजूक तूप आणि जिरं घातलं. तेव्हापासून आमच्याकडे ती तशीच होते, सासूबाईसुद्धा तूप मागून घेतात.

नात्यांचंही तसंच. इंग्रजीत सगळे ‘अंकल’ आणि ‘आंट’. सासूबाईंना एकदा कागदावर आपली नाती काढून दाखवली. काका वेगळा, मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्यातही बापाची बहीण ‘कू’ आणि आईची बहीण ‘यी’, बापाची आई ‘मा-मा’ आणि आईची आई ‘पो-पो’. पुन्हा काका बापाहून मोठा की लहान त्यावर वेगळा शब्द. त्या दिवशी त्यांनी माझ्या आईला फोनवर पहिल्यांदा ‘पो-पो’ म्हटलं, नातवंडांच्या नात्यानं. माझी मुलं आज नणंदेला ‘कू-आत्या’ म्हणतात. हे कुणी शिकवलं नाही.

२०२५ साली ६ ऑक्टोबरला आमची कोजागिरी आणि त्यांचा शरदातला चंद्राचा सण एकाच रात्री आले. एरवी त्यांचा बहुतेकदा भाद्रपदातल्या पौर्णिमेला येतो, पण त्यांच्या पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना असतो आणि तो त्या वर्षी पडला होता. अंगणात जॅकेट घालून बसलो, मसाला दूध आणि कमळाच्या बियांचं सारण भरलेले मूनकेक. नवऱ्यानं आईला कँटोनीजमध्ये विचारलं की बाबांना हे सारण आवडायचं का. तो हल्ली आठवड्यातून एकदा, चाळिशीला टेकल्यावर, प्रौढांच्या कँटोनीज वर्गाला जातो. वाक्य जुळवायला वेळ लागला, सूरही एक-दोनदा चुकला. कुणी हसलं नाही. सासूबाई बराच वेळ सांगत होत्या, आणि मधेमधे तो थांबवून विचारत होता, या शब्दाचा अर्थ काय.

आता तुझे बारीकसारीक प्रश्न. शाळेत वयानुसार वर्ग देतात. लेक यंदा दहाची होणार नसेल तर ती सप्टेंबरमध्ये चौथीत जाईल आणि हे फार बरं आहे, कारण इथल्या इंग्रजी शाळांत सक्तीचं फ्रेंच चौथीपासून सुरू होतं. निदान एका तासाला तरी सगळा वर्ग तिच्याइतकाच नवखा असेल. धाकटा बालवर्गात. पहिल्या दिवशी बाईंना दोघांची नावं नीट म्हणून दाखव, दोन-तीनदा म्हणायला लाव, सोपं करून देऊ नकोस. माझ्या नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक इंग्रजी नाव चिकटलं आणि शाळेभर तेच राहिलं. आजही आईनं खऱ्या नावानं हाक मारली की तो क्षणभर उशिरा वळून बघतो. आमच्या मुलांना मराठी नाव आणि आजोबांनी दिलेलं चिनी मधलं नाव आहे. सासऱ्यांनी जाण्याआधी दोन नावं लिहून ठेवली होती. धाकटा जन्मला तेव्हा ते नव्हते, नाव तयार होतं.

सामानात कुकर, पोळपाट, पुस्तकं आण. बर्फातले बूट पुण्यात घेऊ नकोस, तिथले इथे चालत नाहीत. नोव्हेंबरात दोघांनी मिळून मुलांना दुकानात न्या, जाड मोजे घालून, चालून बघून घ्या. आणि पुढच्या नोव्हेंबरात दोघंच पुन्हा न्या, कारण तोवर पाय वाढलेले असतील.